जीएम पिकांचे नियम देशोदेशी वेगळे का, आणि ते जुळवून घ्यावेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतकरी गटांच्या बैठकांत आणि कृषी महाविद्यालयांत या विषयावर बोलायला गेलो की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही रागाने विचारलेले असतात, काही खऱ्या काळजीतून. जिथे नुसती माहिती पुरेशी आहे तिथे माहिती दिली आहे, आणि जिथे माझं मत आहे तिथे ते माझं म्हणूनच मांडलं आहे.

नियमांचं सुसूत्रीकरण म्हणजे सगळ्या देशांना एकच कायदा लागू करायचा का?

नाही. एखादं जीएम, म्हणजे जनुकांत बदल केलेलं, पीक तपासताना कोणते प्रश्न विचारायचे, कोणत्या चाचण्या मागायच्या आणि निकाल कोणत्या नमुन्यात लिहायचे, हे देशांनी आपसात ठरवून घेणं म्हणजे सुसूत्रीकरण. एका देशात तयार झालेली फाईल दुसऱ्या देशातल्या शास्त्रज्ञाला वाचता यावी, तिच्यातले आकडे पारखता यावेत आणि जे खरोखर स्थानिक आहे तेवढंच त्याने नव्याने तपासावं, एवढीच अपेक्षा असते. परवानगी द्यायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: फाईल वाचायची रीत सगळ्यांची एक असावी, तिच्यावरची सही मात्र आपली असावी. आणि सही करण्याआधी फाईल वाचता येणारी माणसं आपल्या देशात असावीत. विकसनशील देशांचं घोडं अडतं ते बहुतेक वेळा या शेवटच्या गोष्टीवर.

याचा शेतकऱ्याशी काय संबंध? हे तर मंत्रालयांचं काम.

संबंध थेट बाजारभावाशी आहे. जून २०२१ मध्ये युरोपात इशारा निघाला की भारतातून आलेल्या तुकडा तांदळाच्या पिठात जीएम तांदळाचा अंश सापडला. चर्चा सुमारे ५०० टन मालाची होती. त्या पिठापासून बनलेली उत्पादनं तिथल्या दुकानांतून परत मागवली गेली. भारतात जीएम भाताच्या व्यापारी लागवडीला परवानगीच नाही, असं आपल्या सरकारने सांगितलं आणि ते खरंही आहे. पण खरेदीदाराच्या मनात शंका बसली की झळ प्रामाणिकपणे साधा भात पिकवणाऱ्यालाही लागते.

दुसरं उदाहरण मक्याचं. अमेरिकेत मंजूर झालेला एक कीडरोधी मका चीनने अजून मंजूर केलेला नव्हता. नोव्हेंबर २०१३ पासून चीनने तो मिसळलेल्या मक्याची जहाजं परत पाठवायला सुरुवात केली. चीनची मंजुरी डिसेंबर २०१४ मध्ये आली. मधल्या वर्षभरात भाव पडला म्हणून अमेरिकी शेतकऱ्यांनी बियाणं कंपनीवर दावे लावले आणि अखेर सुमारे दीडशे कोटी डॉलरवर तडजोड झाली. एका देशाचं हो आणि दुसऱ्याचं अजून नाही, यांच्यामधल्या पोकळीची ही किंमत. अमेरिकी शेतकऱ्याकडे वकील होते. मालावी किंवा म्यानमारच्या शेतकऱ्याकडे ते नसतात.

कार्टाजेना करार म्हणतात तो काय आहे?

जिवंत जीएम सजीव एका देशातून दुसऱ्या देशात नेताना पाळायचे नियम. जिवंत म्हणजे जे उगवू शकतं, वाढू शकतं असं: बियाणं, रोप, अख्खं धान्य. कोलंबियातल्या कार्टाजेना शहरात फेब्रुवारी १९९९ मध्ये वाटाघाटी फिसकटल्या, पुढच्या वर्षी २९ जानेवारी २००० रोजी कॅनडातल्या माँट्रियलमध्ये मसुदा मंजूर झाला, पण नाव कार्टाजेनाचंच राहिलं. ५० देशांनी मान्यता दिली की करार लागू होणार होता. पन्नासावा देश ठरला पॅसिफिक महासागरातला पलाऊ नावाचा चिमुकला बेटांचा देश, आणि ११ सप्टेंबर २००३ पासून करार अमलात आला. भारताने त्याच वर्षी जानेवारीत मान्यता दिली होती.

कराराचा गाभा दोन गोष्टींत आहे. लागवडीसाठी जीएम बियाणं पहिल्यांदा पाठवायचं असेल तर आधी आयातदार देशाला पूर्ण माहिती द्यायची आणि त्याची संमती घ्यायची. खाण्यासाठी, चाऱ्यासाठी किंवा प्रक्रियेसाठी जाणाऱ्या धान्याला मात्र सैल नियम आहेत. एखाद्या देशाने असं पीक आपल्याकडे मंजूर केलं की १५ दिवसांत त्याची नोंद सामायिक माहिती केंद्रावर टाकायची, आणि बाकीच्यांनी ती पाहून आपलं ठरवायचं.

तेल, पेंड, पीठ यांना हा करार लागत नाही, कारण त्यांतून काही उगवत नाही. २०२१ साली कोंबडीखाद्याचे भाव भडकले तेव्हा सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंडीच्या आयातीला वाट करून दिली. त्या वेळी पर्यावरण मंत्रालयाने मांडलेला मुद्दा हाच होता. लातूर, वाशीमच्या सोयाबीन उत्पादकांना तो निर्णय झोंबला. त्यांची तक्रार रास्त होती: जे पीक आम्हाला पेरायला बंदी आहे, त्याचीच पेंड बाहेरून आणून आमच्या मालाचा भाव पाडता.

अमेरिका या करारात नाही असं ऐकलंय. मग त्याला अर्थ काय?

खरं आहे. अमेरिका, कॅनडा, अर्जेंटिना आणि ऑस्ट्रेलिया हे जीएम धान्याचे मोठे निर्यातदार सदस्य नाहीत. करार घडत असतानाच या चौघांनी चिली आणि उरुग्वेसोबत ‘मायामी गट’ केला होता, आणि धान्यासाठी सैल नियम आले ते त्यांच्याच आग्रहाने.

तरी कराराला अर्थ आहे, कारण नियम आयातदार लावतो. माल विकायचा तर विकत घेणाऱ्याच्या दारातले नियम पाळावे लागतात, तुम्ही सदस्य असा वा नसा. या करारामुळेच शंभराहून अधिक विकसनशील देशांनी पहिल्यांदा आपले जैवसुरक्षेचे नियम कागदावर आणले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००१ पासून त्यासाठी पैसा आणि तज्ज्ञ पुरवले. त्यातले कितीतरी मसुदे पुढे कपाटातच राहिले, हेही सांगायला हवं.

कोडेक्स आणि जागतिक व्यापार संघटना यात कुठे बसतात?

कोडेक्स ही अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची अन्नमानकं ठरवणारी संयुक्त संस्था. २००३ साली तिने जीएम अन्न कसं तपासायचं याची मार्गदर्शक तत्त्वं दिली: नवं प्रथिन विषारी आहे का, त्याची ॲलर्जी येऊ शकते का, पोषणमूल्यं मूळ पिकासारखीच आहेत का. सुसूत्रीकरण सगळ्यात यशस्वी कुठे झालं असेल तर इथे. नैरोबी असो, हनोई असो की दिल्ली, अन्नसुरक्षेची फाईल आज साधारण त्याच क्रमाने वाचली जाते.

व्यापार संघटना कोडेक्सला प्रमाण मानते. कोडेक्सपेक्षा कडक नियम लावायचे तर शास्त्रीय आधार दाखवावा लागतो. अमेरिका, कॅनडा आणि अर्जेंटिनाने २००३ मध्ये युरोपविरुद्ध तक्रार केली आणि २००६ मध्ये निवाडा आला की युरोपने मंजुऱ्यांना अवाजवी विलंब केला. त्या निवाड्याकडे गरीब देशांच्या अधिकाऱ्यांनी धास्तीने पाहिलं. एका करारात ‘शंका असेल तर थांबा’ असं लिहिलेलं, दुसऱ्यात ‘पुरावा असेल तरच थांबवा’. दोन्हींवर त्याच देशाची सही. आता आधार वाटावा की धास्ती, हे त्या देशाकडे किती वकील आहेत यावर ठरतं.

एका देशात झालेल्या चाचण्या दुसऱ्याने का मानायच्या? आपली माती वेगळी, हवा वेगळी.

या प्रश्नाचे दोन तुकडे करावे लागतात, आणि ते न केल्यामुळेच निम्मे वाद होतात.

प्रयोगशाळेत होणाऱ्या चाचण्या प्रवास करू शकतात. जीएम पिकात नवं जनुक कुठे बसलंय, त्यातून कोणतं प्रथिन तयार होतं, ते जठरातल्या आम्लात किती वेळात विरघळतं, उंदराला खाऊ घातल्यावर काय होतं, याचं उत्तर जालन्यात आणि ढाक्यात एकच येणार. ज्या देशाकडे एकच सुसज्ज प्रयोगशाळा आहे, त्याने तेच प्रयोग पुन्हा करण्यात पाच वर्षं आणि लाखो डॉलर घालवावेत, याला मी काळजी म्हणणार नाही.

शिवार मात्र प्रवास करत नाही. आजूबाजूला त्या पिकाचे रानटी भाऊबंद उगवतात का, कोणती कीड किती पिढ्या काढते, शेतकरी बियाणं राखून ठेवतो की दरवर्षी विकत आणतो, शेताचा सरासरी आकार काय, हे त्या त्या ठिकाणीच जाऊन पाहावं लागतं. वांग्याचं मूळ घर भारतीय उपखंड आहे, इथे त्याच्या शेकडो जाती आणि जंगली नातेवाईक आहेत. बाहेरून आलेल्या फाईलला या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही.

एकच जनुक दोन देशांत वेगळं वागलं, असं खरंच कुठे झालंय?

आपल्याच कपाशीत. अमेरिकेच्या नैऋत्य भागात बीटी (अळीला मारणारं जनुक घातलेल्या) कापसाबरोबर नपुंसक पतंग सोडले, नर पतंगांना चकवणारे कामगंध वापरले, पीक निघालं की शेत नांगरून टाकलं, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या सरकारने गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. त्याच्या एकच वर्ष आधी, २०१७ च्या हंगामात, विदर्भ-मराठवाड्यात शेतकरी बोंड फोडून आतली गुलाबी अळी अधिकाऱ्यांना दाखवत होते. जनुकं त्याच घराण्यातली.

फरक शिवारात होता. आपल्याकडे लांब मुदतीचे संकरित वाण, भाव बरा असला की मार्चपर्यंत राखलेली फरदड (हंगाम संपल्यावरही तीच झाडं ठेवून घेतलेलं पीक), जिनिंगच्या आवारात उन्हाळाभर पडून राहिलेली सरकी. आणि ते १२० ग्रॅमचं छोटं पाकीट. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याचं एक पाकीट यायचं, शेताच्या कडेने पेरण्यासाठी. त्या झाडांवर काही अळ्या जगाव्यात, म्हणजे बीटीला न जुमानणाऱ्या अळ्यांचीच प्रजा वाढत नाही. मी कितीतरी बांधांवर ती पाकिटं न फोडता टाकलेली पाहिली आहेत. पाच एकरवाल्याला एक ओळ अळीसाठी सोड म्हणणं सोपं नाही, आणि तसं का करायचं हे त्याला नीट कुणी सांगितलंही नव्हतं. नियम मोठ्या शेतांच्या देशातून उचलला होता. पुढे बियाण्यातच बिगर-बीटी मिसळून एकच पाकीट देण्याची पद्धत आली ती याच कारणाने. तोवर उशीर झाला होता.

बीटी वांगं आपल्या जालन्याच्या कंपनीचं. बांगलादेशात चालतं, मग इथे का नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून सविस्तर.

शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीला रोखणारं हे वांगं महिकोने विकसित केलं आणि सार्वजनिक संस्थांनाही दिलं. भारतात जनुकीय अभियांत्रिकी समितीने, म्हणजे जीईएसीने, १४ ऑक्टोबर २००९ रोजी हिरवा कंदील दाखवला. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपूरला झाली, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती जाहीर केली. ती आजतागायत उठलेली नाही.

बांगलादेशच्या कृषी संशोधन संस्थेने तेच जनुक आपल्या स्थानिक वांग्यांत उतरवलं: उत्तरा, काजला, नयनतारा आणि आणखी एक वाण. भारतात झालेल्या सुरक्षा चाचण्यांचा आधार घेतला, शेतातल्या चाचण्या स्वतः केल्या. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी मंजुरी मिळाली आणि जानेवारी २०१४ मध्ये २० शेतकऱ्यांच्या हाती रोपं पडली. वाण सरळ होते, संकरित नव्हते. शेतकरी बी राखू शकत होता.

फाईल एक, निर्णय दोन. काही जण याला सुसूत्रीकरणाचं अपयश म्हणतात. मला तसं वाटत नाही. बांगलादेशने फाईल वाचून हो म्हटलं, तो त्याचा हक्क. भारताने थांबायचं ठरवलं, तोही हक्कच. चुकलं ते पुढे. स्थगिती देताना ज्या शंका नोंदवल्या गेल्या, त्यांचं निरसन कुणी, कधी आणि कसं करायचं हे ठरलंच नाही. ‘नाही’ म्हटलेलं शेतकऱ्याला कळतं. पंधरा वर्षं ‘पाहू’ म्हणत राहिलेलं कळत नाही, आणि दरम्यान वांग्यावर फवारणी चालूच राहते.

उपाशी लोकांना द्यायला आलेला मका झाम्बियाने नाकारला, हे खरं का?

खरं आहे. २००२ साली आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात मोठा दुष्काळ होता. अमेरिकेकडून आलेल्या मदतीच्या मक्यात जीएम मका होता. झाम्बियाचे अध्यक्ष लेव्ही म्वानावासा यांनी तो घ्यायला नकार दिला. झिम्बाब्वे, मोझाम्बिक आणि मालावी यांनी मधला मार्ग काढला: मका भरडून द्या.

त्यामागचं कारण आपल्या शेतकऱ्याला लगेच पटेल. मदतीच्या पोत्यातले चार दाणे घरची बाई पुढच्या पावसाळ्यासाठी बाजूला ठेवणारच. ते उगवले की गावरान मक्याशी परागीकरण होणार, आणि मग युरोपला जाणाऱ्या मालावर प्रश्न उभे राहणार. भरडा उगवत नाही. झाम्बियाच्या निर्णयावर जगभर टीका झाली. पण त्या वेळी तिथे जैवसुरक्षेचा कायदाच नव्हता, तो २००७ मध्ये आला. मदत दारात आल्यावर नियम करायला बसावं लागणं, ही त्या देशाची खरी अडचण होती.

आफ्रिकेत मग पुढे काही जमलं का?

काही जमलं. २००१ मध्ये आफ्रिकी एकता संघटनेने एक नमुना कायदा तयार केला. तो कडक होता, आणि त्यामागे इथिओपियाचे तेवोल्डे बर्हान यांच्यासारखे लोक होते, ज्यांनी कार्टाजेनाच्या वाटाघाटींत विकसनशील देशांची बाजू लढवली होती. दक्षिण आफ्रिकेने मात्र १९९७ मध्येच स्वतःचा कायदा करून लागवड सुरू केली होती. एका खंडात दोन टोकं.

आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागांतल्या देशांचा जो कोमेसा नावाचा व्यापारगट आहे, त्याने २०१४ मध्ये एक धोरण मान्य केलं: जोखमीचं मूल्यांकन सगळ्यांनी मिळून करायचं, निर्णय प्रत्येकाने आपापला घ्यायचा. माझ्या मते विकसनशील देशांसाठी आजवर कागदावर आलेली ही सगळ्यात शहाणी रचना आहे. कागदावरून खाली उतरायला मात्र ती फार वेळ घेते आहे.

केनियाचं पाहा. २००९ मध्ये कायदा झाला. २०१२ मध्ये उंदरांवरच्या एका फ्रेंच प्रयोगाच्या बातमीनंतर जीएम अन्नाच्या आयातीवर बंदी आली. तो शोधनिबंध नियतकालिकाने पुढच्याच वर्षी मागे घेतला, पण बंदी ऑक्टोबर २०२२ पर्यंत राहिली, आणि त्यानंतर कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. दरम्यान २०१९ मध्ये तिथे बीटी कापूस मंजूर झाला. त्याचे संकरित वाण जालन्याच्या त्याच कंपनीचे. म्हणजे आपल्या शिवारातला अनुभव, गुलाबी बोंडअळीसकट, केनियाच्या शेतकऱ्यापर्यंत पोचायला हवा. बियाण्याबरोबर फरदडीचा धडाही जायला हवा.

नायजेरियाच्या चवळीचं इतकं कौतुक का?

कारण ती गरिबाच्या ताटातली आहे. झारियाच्या अहमदू बेलो विद्यापीठातल्या कृषी संशोधन संस्थेने शेंगा पोखरणाऱ्या अळीला रोखणारी चवळी तयार केली. जनुक रॉयल्टीशिवाय मिळालं होतं. (हीच अळी आपल्या तुरीवरही येते.) नायजेरियाने २०१५ मध्ये जैवसुरक्षा कायदा केला, २०१९ मध्ये चवळीला मंजुरी दिली. घानाने नंतर हो म्हटलं.

पण चवळीची पोती नायजेर, बेनिन, नायजेरिया यांच्यात आठवडी बाजारांतून मोकळी फिरतात. शेजाऱ्याने नियम केलेलाच नसेल तर सीमेवरच्या शिपायाने कोणतं पोतं अडवायचं? सुसूत्रीकरणाची खरी निकड इथे दिसते.

अर्जेंटिनाने गव्हाची मंजुरी दुसऱ्या देशावर का सोपवली?

कारण गहू विकायचा होता. सूर्यफुलातलं जनुक घातलेला, पाण्याचा ताण सोसणारा एचबी४ गहू अर्जेंटिनाने २०२० मध्ये मंजूर केला, पण अट घातली: ब्राझीलने आयातीला मान्यता दिल्याशिवाय विक्री नाही. ब्राझील हा त्यांच्या गव्हाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक. ब्राझीलने नोव्हेंबर २०२१ मध्ये पिठाला होकार दिला, आणि मे २०२२ मध्ये अर्जेंटिनात व्यापारी लागवडीचा रस्ता मोकळा झाला. कुठलाही मोठा करार न करता, गिऱ्हाईक आणि दुकानदाराने आपसात केलेलं हे सुसूत्रीकरण आहे.

व्हिएतनाम म्हणे पाच प्रगत देशांनी मान्य केलं की मान्य करतो. आपणही तसंच करावं?

व्हिएतनामच्या २०१० च्या नियमात ती वाट आहे, पण ती अन्न आणि चाऱ्यासाठी. लागवडीसाठी नाही. अन्नापुरतं मला ते मान्य होण्यासारखं वाटतं, अट एकच: त्या पाच देशांच्या फाईली आपल्या शास्त्रज्ञांनी उघडून पाहिल्या पाहिजेत. फक्त शिक्के मोजणं पुरेसं नाही. आपण रोज तूरडाळ खातो, ज्वारीची भाकरी खातो. ज्या देशात एखादं पीक चाऱ्यात जातं, तिथे ते माणसाने किती खाल्लं तर काय होईल, हा हिशेब कदाचित नीट मांडलेलाच नसतो.

भारतात परवानगी कोण देतं?

१९८९ चे नियम, १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. संस्थेतली समिती, मग जैवतंत्रज्ञान विभागाची समिती, मग पर्यावरण मंत्रालयाची जीईएसी. शेतातल्या चाचणीसाठी राज्याची ना-हरकत लागते, म्हणजे देशाच्या आतही सुसूत्रीकरण नाही: एक राज्य हो म्हणतं, शेजारचं नाही. जीएम मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, आणि २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची तिच्यावर मतं वेगळी पडली. मात्र राष्ट्रीय धोरण आखायला हवं, यावर दोघांचं एकमत झालं.

चोरबीटी (परवानगी नसलेलं, तणनाशक सहन करणारं कापसाचं बियाणं) सर्रास मिळतं. मग नियमांचा उपयोग काय?

पेरणीच्या आधी एका ओळखीच्या शेतकऱ्याने माझ्यापुढे एक पाकीट ठेवलं. नाव नाही, पत्ता नाही, बिल नाही. रोपं दोन पानांवर आल्यावर आम्ही पट्टी-चाचणी केली. पानाचा नखाएवढा तुकडा छोट्या नळीत काडीने चिरडायचा, द्रावणाचे थेंब टाकायचे, कागदाची पट्टी बुडवून उभी करायची. पाच-दहा मिनिटांत एक रेघ उमटली तर फक्त पट्टी ठीक आहे असं समजायचं. दोन उमटल्या तर ते प्रथिन आहे. तणनाशक सहन करणाऱ्या प्रथिनाच्या पट्टीवर आमच्या दहा रोपांपैकी सहांना दुसरी रेघ आली, चारांना नाही. त्याने पूर्ण पैसे दिले होते. तणनाशक मारलं असतं तर चार झाडं जळाली असती, आणि तक्रार करायला तो कुठेच जाऊ शकत नव्हता.

जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने हे बियाणं उघडपणे पेरलं. तेव्हाच्या तरतुदीनुसार पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकत होता. निंदणीची मजुरी परवडत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही.

हे पहिल्यांदाच झालं किंवा फक्त आपल्याच देशात होतं, असं नाही. २००१ मध्ये गुजरातेत मंजुरीआधीच बीटी कापूस शेतात उभा असल्याचं उघड झालं, आणि मार्च २००२ मध्ये अधिकृत मंजुरी आली. ब्राझीलच्या दक्षिण टोकाला अर्जेंटिनातून चोरून आणलेलं सोयाबीन इतकं पसरलं की लोक त्याला माराडोना सोयाबीन म्हणत. २००३ मध्ये सरकारला ते तात्पुरतं कायदेशीर करावं लागलं, २००५ मध्ये कायदा आला. सीमेच्या दोन बाजूंना नियम फार वेगळे असले आणि निर्णय फार काळ लांबला की बियाणं स्वतःच सीमा ओलांडतं. तेव्हा भरडला जातो तो शेतकरीच: त्याला ना हमी, ना भरपाई.

थोडीशी सरमिसळ झाली तर किती चालते?

देशोदेशी वेगळं. मंजूर जीएम घटक असेल तर युरोपात ०.९ टक्क्यांच्या वर लेबल लावावं लागतं, ब्राझीलमध्ये १ टक्का, दक्षिण कोरियात ३, जपानमध्ये ५. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ पासून २४ पिकांच्या आयातीवर बिगर-जीएम प्रमाणपत्राची अट घातली आणि १ टक्क्यापर्यंतची सरमिसळ माफ केली. नामंजूर घटकाला मात्र बऱ्याच ठिकाणी शून्यच लागू. आता शून्य हा आकडा यंत्रावर अवलंबून असतो: यंत्र जितकं सूक्ष्म, तितकं शून्य लहान. छोट्या निर्यातदार देशाला हे मोजण्याची प्रयोगशाळा परवडत नाही, आणि त्याचा माल दुसऱ्याच्या बंदरात दुसऱ्याच्या यंत्रावर तपासला जातो.

जनुक-संपादित पिकांना, म्हणजे ज्यांच्या स्वतःच्याच जनुकांत नेमका बदल केलेला असतो त्यांना, हेच नियम का?

इथे जगाच्या वाटा पुन्हा फुटल्या आहेत. अर्जेंटिनाने २०१५ मध्येच ठरवलं की अंतिम वाणात परकं जनुक नसेल तर ते जीएम नाही. युरोपच्या न्यायालयाने २०१८ मध्ये उलट निकाल दिला. भारताने मार्च २०२२ मध्ये परकं जनुक नसलेल्या दोन प्रकारांना १९८९ च्या नियमांतल्या मुख्य अटींतून सूट दिली, आणि मे २०२५ मध्ये कमला आणि पुसा डीएसटी राईस १ हे दोन भात जाहीर केले. एकाच भाताला एका देशात साधा वाण आणि दुसऱ्यात जीएम म्हटलं जाणार असेल, तर निर्यातीची पुढची भांडणं इथूनच उगवतील. आणि हा बदल पट्टीवर किंवा यंत्रावर सहज सापडतही नाही. कागदपत्रं सांभाळणं हाच त्यावर उपाय आहे.

नुकसान झालं तर भरपाई कोण देणार?

कार्टाजेनाला जोडलेला नागोया-क्वालालंपूर पूरक करार २०१० मध्ये मंजूर झाला आणि ५ मार्च २०१८ पासून लागू आहे. भारत त्यात आहे. जैवविविधतेचं नुकसान झालं तर जबाबदार कंपनीने किंवा व्यक्तीने ते भरून काढायचं, हे त्याचं सूत्र. पण शेजारच्या शेतातल्या परागामुळे माझ्या सेंद्रिय मालाचं प्रमाणपत्र गेलं तर काय, याचं उत्तर प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात द्यायचं आहे.

मला एखाद्या पिकाची माहिती स्वतः पाहायची असेल तर?

कार्टाजेना कराराचं माहिती केंद्र संकेतस्थळावर सर्वांसाठी खुलं आहे. देश निवडा, पीक निवडा, निर्णय उघडा. प्रत्येक जीएम पिकाला तिथे अक्षरं आणि अंकांचा एक खास क्रमांक असतो. तो क्रमांक टिपून घेतला की तेच पीक दुसऱ्या देशात शोधता येतं, मग नाव काहीही असो. जोखीम-मूल्यांकनाचा सारांश असेल तर तो उघडा आणि पाहा की त्यात स्थानिक किडी, जंगली नातेवाईक आणि बियाणं राखण्याच्या पद्धतीवर किती ओळी आहेत. जीईएसीच्या बैठकांची इतिवृत्तंही पर्यावरण मंत्रालय प्रसिद्ध करतं. भाषा इंग्रजी आणि रुक्ष असते. चार जणांनी मिळून एक इतिवृत्त वाचायला बसा, त्यात एक कृषी पदवीधर असू द्या, म्हणजे दीड तासात निम्मं कळतं. उरलेल्या निम्म्याबद्दल पत्र लिहून विचारा. उत्तर यायला वेळ लागतो, पण पत्राची नोंद होते.